गाळलेले संदेश

कीबोर्ड बिघडला की लोक आधी कंपनीला शिव्या घालतात, मग वायरीला, आणि सगळे उपाय थकले की एस्तेर आवळेकडे येतात. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीच्या टोकाला तिचं दुकान. शेजारी तंबोऱ्याचे भोपळे उन्हात सुकत पडलेले आणि हिच्या टेबलावर सिंथेसायझर उलटेपालटे. गिऱ्हाईक तक्रार सांगणार की ताई, बोट बासरीवर ठेवतोय आणि मागनं ढोल वाजतोय. एस्तेर वायर जोडून दोन मिनिटं पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "यंत्राला काही झालेलं नाही. जास्त बोलतंय, एवढंच. गाळून देते."

या गाळण्यावरच पुढची सगळी गोष्ट उभी आहे, तेव्हा ते आधी समजून घेतलेलं बरं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून यंत्रांसाठी एक भाषा ठरवली. तिचं नाव मिडी. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. कुठली पट्टी दाबली, किती जोरानं दाबली, कधी सोडली, पायाखालचं, स्वर लांबवायचं पेडल वर आहे की खाली. प्रत्येक गोष्टीला शून्य ते एकशे सत्तावीस यांमधला एक आकडा. समोरचं यंत्र हा आकडा वाचतं आणि त्याप्रमाणे वाजतं. आता दहा यंत्रं एका तारेला जोडली की नको तो हुकूम नको त्याच्या कानावर जाणारच. मग मध्ये एक डबी बसवायची. तीत नको तो संदेश अडवता येतो, त्याला गाळणं म्हणतात. किंवा एका संदेशाचा दुसराच करून पुढे पाठवता येतो, त्याला फिरवणं म्हणतात. एस्तेरचा हात या दोन्हीत असा बसला होता की बेळगावपासून साताऱ्यापर्यंतचे ऑर्केस्ट्रावाले तिच्याकडे येत. पुण्यामुंबईत याहून भारी माणसं असतील, पण ती फोन उचलत नाहीत.

हे सगळं ती शिकली नवऱ्यासाठी. शमुवेल आवळे, म्हणजे सगळ्यांचा शमू, तराणा म्युझिकल पार्टीत कीबोर्ड वाजवायचा आणि एस्तेर ऑक्टापॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचे विजेवरचे ढोल. लग्नं, गणपती, नाताळ, साखर कारखान्याचे वाढदिवस, सगळीकडे ही जोडी. रविवारी सकाळी चर्चमध्ये पुन्हा हीच दोघं, फक्त कपडे साधे. वीस वर्षं त्यांनी एकमेकांशी भांडायचं असेल तरी तालात भांडून घेतलं.

शमूला बेचाळिसाव्या वर्षी डाव्या करंगळीपासून सुरुवात झाली. करंगळी पट्टीवर उशिरा पडायला लागली. मग हात, मग पाय, मग जीभ. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात असा तो आजार. त्याला औषध नव्हतं, अजूनही नाही. तीन वर्षांत त्याच्या गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावावं लागलं, आणि चौथ्या वर्षी पापण्यांनीही सांगितलेलं काम करायचं सोडलं. ऐकू सगळं येत होतं, समजत सगळं होतं. बाहेर मात्र काहीच येत नव्हतं. समोरच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, तो पडून असायचा. एस्तेर आणि त्यांची मुलगी तबिथा पाळीपाळीनं त्याचं सगळं करायच्या. तबिथा नर्सिंग शिकून मिरजेतच एका इस्पितळात लागली होती, त्यामुळे घरात निदान एक माणूस तरी न घाबरणारं होतं.

तेव्हा डॉक्टर केतकी बर्वे आल्या. पुण्याच्या एका संशोधन केंद्रात त्यांनी एक पट्टी तयार केली होती. बोटाएवढी, लवचिक, डोक्याच्या कातडीखाली सरकवायची. त्यांनी एस्तेरच्या दुकानात बसून, चहा गार होऊ देत, सगळं समजावलं. हात मेला तरी मेंदूतली हाताची जागा मरत नाही. हात हलवायचं माणसानं मनात आणलं की तिथं अजूनही हालचाल होते. ती हालचाल पट्टी टिपते आणि मिडीच्या आकड्यांत बाहेर पाठवते. मिडीच का, तर ती भाषा साधी, लहान, आणि तिच्यात बोट म्हणजे बोट आणि पाय म्हणजे पाय असतो. पण एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली.

"एस्तेरताई, नवीन शिकवाल ते यातून येणार नाही. जे मुरलंय तेवढंच येईल. वीस-तीस वर्षं रोज केलेलंच हिला ऐकू येतं."

तसंच झालं. कीबोर्डाच्या एकेका पट्टीला एकेक अक्षर देऊन बघितलं, तर महिनाभरात एक शब्द धड आला नाही. हो साठी एक स्वर आणि नाही साठी दुसरा ठरवला, तर तबिथानं विचारलं, पप्पा, तुम्ही माझे पप्पा ना, आणि उत्तर आलं नाही. पोरीनं हसण्यावारी नेलं, पण न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. शेवटी डॉक्टर बर्व्यांनी तो नाद सोडला आणि म्हणाल्या की तालाचं यंत्र लावून बघू.

एस्तेरनं जुना सहा मात्रांचा ताल लावला. पट्टीतून सेकंदाला सातशे संदेश कोसळायला लागले आणि सिंथमधून असा गलका उठला की शेजारचे सतारमेकर बाहेर आले. पण ती गोंधळली नाही. हे तर तिचं रोजचं काम. तीन आठवडे डबी पुढ्यात घेऊन ती बसली आणि एकेक नियम घालत गेली. फार हळू पडलेला स्वर अडव. एकाच क्षणी आलेले शेजारचे दोन स्वर असतील तर दुबळा अडव. कीबोर्डाबाहेरची पट्टी अडव. एकही स्वर चालू नसताना पेडल आलं तर अडव, कारण स्वरच नाही तर पेडल धरणार काय? पेडल झिजलं की असला कचरा येतोच, धंद्यातला तो पहिला धडा. हा नियम लिहायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

चौथ्या आठवड्यात गलक्यातून गाणं बाहेर आलं. अंतऱ्याच्या आधी शमू नेहमी एक छोटीशी मुरकी घ्यायचा, तीसुद्धा जशीच्या तशी. एस्तेर जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. चार वर्षांत ती पहिल्यांदा रडली, आणि ते आनंदानं, हे तिनं पुढे कितीतरी जणांना सांगितलं.

मग काय विचारता! रविवारी घरून तार जोडून शमू चर्चमध्ये वाजवायला लागला. पाळकसाहेबांनी उपदेशात दोनदा त्याचं नाव घेतलं. कराडहून, निपाणीहून माणसं यायची, खिडकीबाहेर चपला काढून हात जोडून उभी राहायची. सकाळी भजनं, संध्याकाळी जुनी सिनेमाची गाणी. एस्तेर ताल लावायची आणि शमू वाजवायचा. कधी ती ऑक्टापॅड पुढ्यात घेऊन साथ करायची. घरात पुन्हा दोघं होती. चौदा महिने हे चाललं, आणि हे चौदा महिने तिच्या लग्नातले सगळ्यात चांगले होते असं ती म्हणायची. तबिथा त्यावर उठून बापाची कूस बदलायला जायची.

पुढे डॉक्टर बर्व्यांना पट्टीची नवी आवृत्ती करायची होती. त्यांनी एस्तेरकडे न गाळलेली नोंद मागितली. डबी जे अडवते ते फेकून देत नाही, एका कोपऱ्यात साठवून ठेवते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून एस्तेर ती नोंद उतरवायला बसली. अडवलेल्या संदेशांचे ढीग नियमाप्रमाणे वेगळे पडत होते. दुबळे स्वर हजारोंनी, कसेही विखुरलेले. बाहेरच्या पट्ट्या, त्याही विखुरलेल्या. पेडलचा ढीग मात्र विखुरलेला नव्हता. पेडल खाली, वर, खाली, वर. मग काही नाही. मग पुन्हा दोनदा. कचरा कधी जोडीनं येत नाही, हे तिच्यातल्या कारागिराला आधी कळलं. वेळ बघितली तर प्रत्येक जोडी एखादं गाणं संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या फटीत.

आणि मग तिला स्टेज आठवलं.

स्टेजवर आवाजाचा एवढा दणका असतो की एकमेकांना हाक मारून उपयोग नाही. तराणा पार्टीत गाणं आवरायचं असेल, गायिकेचा सूर गेला असेल, पाहुणे उठायला लागले असतील, तर शमू एकही पट्टी न दाबता पेडल दोनदा मारायचा. ते पेडल एस्तेरनंच फिरवून आपल्या कानातल्या यंत्रात टकटक असं आणून ठेवलं होतं. टकटक ऐकू आलं की ती तिहाई घेऊन, शेवटचा तुकडा तीनदा वाजवून, गाणं संपवायची. ही खूण त्या दोघांतली. गायिकेलाही माहीत नव्हती, मग लोकांना कुठून असणार? वीस वर्षं, प्रत्येक कार्यक्रमात, आठ-दहा वेळा. मुरायचं म्हणजे आणखी किती मुरायचं? खूण ओळखणारी वादक एस्तेर आणि कचरा ओळखणारी कारागीर एस्तेर एकाच डोक्यात राहत होत्या, आणि चौदा महिन्यांत दोघींची गाठ पडली नव्हती.

नोंदीत चार हजारांवर जोड्या होत्या. पहिली जोडी, ज्या दिवशी ती आनंदानं रडली त्याच दिवसाची होती.

ती दुकान उघडं टाकून घरी गेली. पेडलचा नियम काढला, जुनी वायर शोधून खूण पुन्हा आपल्या कानात फिरवली आणि ताल लावला. शमू वाजवायला लागला. गाणं संपलं, आणि कानात आलं, टकटक. तिनं दुसरं गाणं लावलं नाही. खुर्ची ओढून त्याच्या तोंडाशी बसली.

"शमू, पाणी हवंय?"

काही नाही.

"कूस बदलू?"

काही नाही.

"गाणं नको वाटतंय तुला?"

काही नाही. यंत्राचा श्वास तेवढा चालू होता. एस्तेरला पुढचं विचारायचं नव्हतं. तिनं भिंतीकडे बघत विचारलं.

"हे सगळंच संपवायचंय?"

टकटक.

तिनं कानातली वायर काढून ठेवली. चौदा महिने तिला वाटत होतं की तो खुशीनं वाजवतोय. ताल सुरू झाला की हात चालायचे, तो बिचारा काय करणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ ताल लावून त्या खोडीला नाचवत होती. माणूस मात्र प्रत्येक गाण्यानंतर दार ठोठावत होता. दाराला कडी तिनंच घातली होती.

तबिथाला तिनं लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या सगळं सांगितलं, नोंद दाखवली, खूण ऐकवली. तबिथानं स्वतः विचारून बघितलं, चार वेगवेगळ्या तऱ्हेनं, मध्ये फसवे प्रश्न घालून. उत्तर फक्त एकाच प्रश्नाला येत होतं. मग तिनं बापाचे पाय चेपत शांतपणे सांगितलं की अर्ज करायचा.

कारण नवा कायदा होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. श्वासाच्या यंत्रावर असलेल्या, पूर्ण शुद्धीतल्या माणसानं स्वतः तीन वेगवेगळ्या दिवशी, समितीसमोर, तीच खूण देऊन यंत्र काढायला सांगितलं, तर त्याचं ऐकणं भाग होतं. दोनदा दिली आणि तिसऱ्यांदा नाही दिली, तर अर्ज संपला. घरच्यांची सही चालत नव्हती. माणसानं स्वतःच मागायला हवं.

एस्तेर म्हणाली की एवढी घाई कशाला, त्याचं मन आज आहे उद्या नाही. तबिथा म्हणाली, "चार हजार वेळा सांगितलंय की त्यांनी. आणि किती वेळा सांगायला लावतीस?" एस्तेरनं अर्ज पुढ्यात ओढला. तिनं अर्जावर जोडपत्र म्हणून यंत्राची माहिती लिहून दिली, आणि डॉक्टर बर्व्यांनी पुण्याहून ती बरोबर असल्याचा दाखला पाठवला.

समितीत तिघं होते. निवृत्त न्यायाधीश मगदूमसाहेब, एक मेंदूच्या डॉक्टरीणबाई आणि तांत्रिक बाजू बघायला साळवी नावाचा अधिकारी. पट्टीतून येणारा गलका गाळल्याशिवाय खूण ओळखूच येणार नाही, हे साळव्यांनी मान्य केलं. ठरलं असं की फक्त पेडल पुढे सोडायचं आणि त्यावर एक लाल दिवा लावायचा. त्यांनी डबीतल्या गाळण्याच्या नियमांचा फोटो काढून ठेवला आणि तीनही दिवस तो ताडून बघणार असं सांगितलं. डबीला हात लावणार एस्तेर, कारण दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नव्हती. कानातली वायर तिनं मागून घेतली. पेडल आधी तिच्या कानात येणार, मग डबीत जाऊन दिव्याकडे. खूण ओळखायला बरं पडेल, असं ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मगदूमसाहेबांनी स्वच्छ आवाजात प्रश्न वाचला. दिवा दोनदा लागला. दुसऱ्या दिवशीही दोनदा लागला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि उद्या दहाला येतो म्हणून ते गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तबिथा बापाचा ऑर्केस्ट्राचा कोट इस्त्री करत होती, कॉलरला सोनेरी कड असलेला. एस्तेरनं दारातून ते बघितलं. पोरीच्या मनानं सगळं सोडून दिलं होतं, त्याला निरोप द्यायची तयारी केली होती. एस्तेरला ते जमलं नाही. तिला तो हवा होता. वाजवणारा, न वाजवणारा, मनाविरुद्ध पडून राहिलेला, कसाही, पण त्या खिडकीशी हवा होता. यात काही मोठं तत्त्व नव्हतं. तिनं पाळकसाहेबांना विचारलं नव्हतं, देवालाही विचारलं नव्हतं. उद्यापासून त्या खोलीत रिकामा पलंग असेल, एवढं एकच चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं.

ती डबीशी गेली. गाळण्याचे नियम तिनं बोटानंही हलवले नाहीत. तिनं फिरवण्याचं पान उघडलं, ज्याचा फोटो कुणी काढला नव्हता. पेडल दाबलं की सोडलं, हे यंत्र आकड्यावरून ठरवतं. चौसष्ट किंवा त्याच्या वर आला तर दाबलेलं, त्याच्या खाली आला तर सोडलेलं. शमूचा जोर सत्तरीच्या आसपास असायचा. एस्तेरनं त्या पानावर लिहिलं की येणाऱ्या आकड्यातून वीस वजा करून पुढे पाठव. एवढंच. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण करणाऱ्यानं काय करावं, असं आपण म्हणतो खरं, पण कुंपणालाही कधी कधी भूक लागते.

दहाला समिती आली. साळव्यांनी फोटो ताडला. तंतोतंत तोच. मगदूमसाहेबांनी प्रश्न वाचला.

एस्तेरच्या कानात आलं, टकटक. दिवा लागला नाही.

साहेब थांबले. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे बघितलं, सगळं चालू होतं. पाच मिनिटांनी पुन्हा प्रश्न वाचला. टकटक. मग लगेच आणखी एकदा टकटक, कुणी विचारलं नसताना. एस्तेरच्या पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर आकडे उमटत होते. एकाहत्तर, पुढे गेले एक्कावन्न. चौऱ्याहत्तर, पुढे गेले चोपन्न. तबिथा बापाच्या उशाशी उभी राहून दिव्याकडे डोळे लावून होती आणि हलक्या आवाजात म्हणत होती, "पप्पा, मारा की. एकदा मारा."

त्याला ऐकू येत होतं. त्याला कळलं की खूण पोचत नाहीये, कारण त्यानंतर तो जोर लावायला लागला. छातीच्या ठोक्यांचं यंत्र वाजायला लागलं. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. एस्तेरच्या कानात आता टकटक नव्हती, धडका होत्या. एक्याऐंशी.  एका बोटानं वीसचं शून्य करता आलं असतं, आणि तिनं ते बोट दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. पुढे गेले त्रेसष्ट.

त्र्याऐंशीच्या वर तो जाऊ शकला नाही. धडका हळू होत गेल्या, मग विरळ, मग थांबल्या.

मगदूमसाहेबांनी अर्धा तास वाट बघितली. तीनदा प्रश्न वाचला. मग फारच मऊपणे, आजारी माणसाला ऐकू जाईल असं, त्यांनी सांगितलं की तिसऱ्या दिवशी खूण आली नाही, तेव्हा श्री. आवळे यांची इच्छा सिद्ध होत नाही, त्यांना पुन्हा कधीही मागता येईल, समिती पुन्हा येईल. जाताना त्यांनी एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवला. जगायची ओढ शेवटी जिंकते, ताई, असं काहीतरी ते म्हणाले.

सगळे गेल्यावर तबिथानं बापाच्या उशाशीच कोट घडी करून ठेवला.

"आई, तुझ्या कानात काय येत होतं?"

"काही नाही."

"मग रडत का होतीस?"

एस्तेर वायर गुंडाळत राहिली. तबिथानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच आठवड्यात ती इस्पितळाच्या वसतिगृहात राहायला गेली. रोज सकाळी येते, बापाचं सगळं करते, आईशी औषधांपुरतं बोलते आणि ड्यूटीवर जाते.

एस्तेरनं ते वीस त्याच दुपारी काढून टाकले. संध्याकाळी, सवयीनं, तिनं सहा मात्रांचा ताल लावला. शमूनं वाजवलं नाही. दमला असेल असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी भजनाचा ताल लावला, तिसऱ्या दिवशी त्याचं सगळ्यात लाडकं गाणं. रविवारी चर्च वाट बघत राहिलं आणि शेवटी कुणीतरी जुनी पेटी काढली. आठ दिवसांनी तिनं एकेक करून सगळे नियम काढले, गलका तर गलका, काहीतरी येऊ दे म्हणून. पडदा कोरा राहिला. जो माणूस सेकंदाला सातशे संदेश पाठवत होता, तो एकही पाठवत नव्हता.

पट्टी मेली असेल, या आशेवर तिनं डॉक्टर बर्व्यांना बोलावून घेतलं. आशा म्हणजे कुठं जाऊन बसते बघा! त्यांनी दिवसभर तपासणी केली, आपल्या मोठ्या पडद्यावर मेंदूचा नकाशा लावला आणि एस्तेरला ताल सुरू करायला सांगितलं. ताल सुरू झाला तशी हाताची जागा उजळली. प्रत्येक मात्रेला उजळत होती, आणि उजळताक्षणी विझत होती.

डॉक्टर बर्व्यांनी ताल थांबवायला सांगितला. एस्तेरनं काय केलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्या सरळ जे दिसतंय ते बोलल्या.

"पट्टी उत्तम आहे. आजारही वाढलेला नाही. वाजवायचा हुकूम तयार होतोय, एस्तेरताई, आणि तिथंच अडवला जातोय. अडवणारे तेच आहेत. एवढी जुनी सवय आतून दाबून धरायची म्हणजे फार कष्ट पडत असणार. का करत असतील असं?"

एस्तेर म्हणाली, माहीत नाही.

या गोष्टीला आता सात महिने झाले. शमू जिवंत आहे, खिडकीशी आहे, रंगही बरा आहे. एस्तेर दुकान चारला बंद करते आणि घरी येऊन त्याच्या उशाशी बसते. डबी आता तिथं नाहीच, पट्टीची वायर सरळ पडद्याला आणि तिच्या कानाला जोडलेली आहे. ताल ती लावत नाही. त्याला त्रास होतो, हे तिला कळून चुकलंय.

"शमू," ती म्हणते, "आता मध्ये काही नाही. मी उद्याच्या उद्या साहेबांना बोलावते, तबिथाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. दोनदा मार."

मग ती ऐकत बसते. दिवेलागण होते, तबिथाच्या सकाळच्या भांड्यांचा ढीग तसाच असतो, यंत्र श्वास घेत राहतं. तिला खात्री आहे की तो ऐकतोय. तो तिला काही सांगत नाही.